जुनी कूपे घेऊन साताऱ्याहून काठमांडूला: आधी गाडीचं वय मोजा

पंधरा वर्षं जुनी, जमिनीला चिकटून चालणारी, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे घेऊन नेपाळला निघालोय म्हटल्यावर साताऱ्यात ज्यानं त्यानं एकच विचारलं, "इंजिन काढेल का एवढं?" इंजिनाची मला काळजी नव्हती. साठ हजार किलोमीटर चाललेलं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणखी साडेचार हजार किलोमीटर सहज काढतं. एमआयडीसीतल्या आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, "दादा, मीटरवर जाऊ नका. ही गाडी चालली कमी, उभी जास्त राहिली. उभ्या गाडीचं रबर आधी मरतं."

पुढचे चार महिने मी याच वाक्याचं बोट धरून तयारी केली. होज पाइप, टायर, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट, बॅटरी, आरसी, विमा, नेपाळचा परवाना, या सगळ्यांना तारीख असते. जुनी कूपे परदेशात अडकते ती यातली एखादी तारीख उलटून गेल्यामुळे. मी आणि बायको २०२५ च्या नोव्हेंबरात जाऊन आलो. तशी गाडी दारात असेल आणि मनात हा प्रवास असेल, तर काय कोणत्या क्रमानं करायचं ते इथे लिहितो.

सुरुवात आरसीपासून

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षं चालते. नंतर फिटनेस करून घेऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. माझी एमएच-११ फेब्रुवारी २०११ ची, म्हणजे निघालो तेव्हा हातात तीनच महिने होते. ही तारीख प्रवासाच्या मध्ये पडत असेल तर आधी आरटीओचं काम उरका. संपलेल्या आरसीवर सीमा ओलांडता येत नाही, आणि विम्याचा दावाही अडकतो. दिल्लीमार्गे जायचा विचार असेल तर तो सोडा. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे निर्बंध आहेत, आणि साताऱ्याहून नेपाळला जाताना दिल्ली वाटेत येतही नाही.

दुसरं, आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसतोय का ते बघा. जुन्या बाजारातून घेतलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं: कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेचं नाव उतरवायचं राहून गेलेलं असतं. सीमेवर त्याचा खुलासा करत बसण्यापेक्षा ते इथेच काढून घेतलेलं बरं. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल आणि ते सोबत येणार नसतील, तर त्यांचं संमतीपत्र नोटरी करून न्या.

विम्याकडे माझं स्वतःचं दुर्लक्ष होणार होतं. आपली मोटार पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी तिच्यात 'भौगोलिक क्षेत्र विस्तार' जोडून घ्यावा लागतो. विमा व्यवहारात याला आयएमटी-१ म्हणतात, आणि नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका हे देश त्यात येतात. शाखेत मला आधी "त्याची गरज नसते" असं सांगितलं गेलं. मी आयएमटी-१ हे नाव घेऊन लेखी अर्ज दिला, तेव्हा चार-पाच दिवसांत पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडायचा तसा कागद, हातात आलं. थोडा जादा हप्ता पडतो, तो भराच. रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणारी मदत बहुधा भारताच्या हद्दीपुरतीच असते. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा.

नेपाळला आणि भूतानला जायला कार्नेट लागत नाही. कार्नेट म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीचं हमीपत्र, आणि त्यापोटी मोठी रक्कम अडकून पडते. जुन्या गाडीचा पहिला परदेश प्रवास नेपाळ असावा, असं मी म्हणतो त्याचं हे मोठं कारण आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबून जाऊ नका. आपलं लायसन्स चालतं आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी.

पाणी, होज आणि बेल्ट

वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त कुठे घालायचा असं विचाराल तर उत्तर एकच: कूलिंग. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या युरोपियन गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर, होजची तोंडं, कूलंटची टाकी हे सगळं प्लास्टिकचं असतं. इंजिन रोज तापून गार होतं तसं ते प्लास्टिक वर्षागणिक कडक होत जातं, आणि एक दिवस ऐन घाटात तडकतं. वरून बघून यातलं काहीच कळत नाही.

मिस्त्रींना प्रेशर टेस्ट करायला सांगा. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. माझ्या गाडीत काटा हळूच उतरला आणि खाली थेंब एकही नव्हता. शेवटी इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचतो अशा जागी, होज जोडायच्या प्लास्टिकच्या तोंडावर, म्हणजे फ्लँजवर, गुलाबी वाळलेला डाग सापडला. गळलेलं कूलंट गरम इंजिनावर तिथल्या तिथे सुकत होतं. तो भाग काही शेकड्यांचा, तो बदलायची मजुरी काही हजारांची. नेपाळात नारायणघाटच्या पुढे तो फुटला असता तर तापून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, गेलं असतं.

टाकीची कॅप जुनी असेल तर विचार न करता नवी घ्या. तिच्या रबरावर सगळ्या यंत्रणेचा दाब टिकतो, आणि दाब गेला की पाणी लवकर उकळतं. कूलंट कंपनीनं सांगितलंय त्याच जातीचं भरा आणि डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं करा. हिरव्यात गुलाबी मिसळू नका. वेगळ्या जातींचं मिश्रण आत साका धरू शकतं. एसी लावून गाडी उभी ठेवा आणि पंखा दोन्ही वेगांवर फिरतोय ना ते कान देऊन ऐका.

टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी वर्षंही दिलेली असतात. कमी चाललेल्या गाडीत वर्षं आधी संपतात. बेल्ट बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदला, कारण तिथपर्यंत हात पोचवायची मजुरी एकदाच द्यायची असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांवरचं असेल तर काढून टाका. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर त्याचं ऑइलही या यादीत येतं. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर नवी घ्या.

टायर: बाजूवरचे चार आकडे वाचा

टायरच्या बाजूला 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझ्या टायरांची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, पण ते सात वर्षांचे होते आणि नक्षीच्या खाचेत बारीक भेगा दिसत होत्या. कराडच्या टायरवाल्यानं "अजून वर्षभर चालतील" म्हटलं. गावात चाललेही असते. समृद्धीच्या काँक्रीटवर भर दुपारी तासन् तास शंभरच्या वर धावायचं तर सहा वर्षांवरचा टायर मी ठेवणार नाही.

टायर बदलतानाच मी १८ इंची रिम काढून १७ इंची बसवली, आणि अख्ख्या तयारीतला हा माझा सर्वांत चांगला निर्णय ठरला. २४५/४० आर१८ टायरची भिंत ९८ मिलिमीटर असते. २४५/४५ आर१७ ची होते ११०. चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण रिम आणि खड्डा यांच्यामध्ये सव्वा सेंटीमीटर जास्त रबर येतं. खड्ड्यात रिम वाकणार की वाचणार हे तेवढ्यावर ठरतं. फक्त आधी ब्रेकचं कॅलिपर १७ इंची रिमच्या आत बसतंय का ते चाक चढवून बघा.

अशा गाड्यांत बहुतेक वेळा स्टेपनी नसतेच, फोमची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि हे माप गोरखपूरच्या पुढे मिळेल असं गृहीत धरू नका. मागच्या सीटची पाठ पाडून आम्ही पूर्ण मापाचं पाचवं चाक पट्ट्यानं बांधून नेलं. सामानाची अर्धी जागा गेली; बायकोनं एक बॅग कमी केली.

एक छोटी वस्तू: चाकाच्या लॉक नटची चावी. सेकंडहँड गाडीत ती हरवलेली असायची शक्यता भरपूर असते. घराच्या दारात एकदा चारही चाकं स्वतः खोलून लावा, म्हणजे ती आहे की नाही तेही कळेल.

गाडीचं पोट

कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स विसरा. टाकी फुल्ल करा, सामान भरा, दोघं आत बसा आणि तिसऱ्याला टेप घेऊन खाली वाकायला सांगा. माझी गाडी रिकामी असताना साडेबारा सेंटीमीटर होती, भरल्यावर अकरा उरली. इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सपाट चढाचा असायला हवा. तो आपण ओलांडू. गावकऱ्यांनी एका रात्रीत घातलेला ब्रेकर वेगळा असतो.

आपल्याकडे ज्याला चेंबर म्हणतात, तो ऑइलचा डबा बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडासारखा तो वाकत नाही, तडकतो. दगडाचा एक फटका बसला की ऑइल रस्त्यावर. फॅब्रिकेटरकडून तीन मिलिमीटर पत्र्याचा चेंबर गार्ड बनवून घ्या. त्याला हवेसाठी भोकं ठेवा, ऑइल काढायच्या नटासमोर खिडकी ठेवा, आणि तो चासीच्या मजबूत जागी बोल्ट करा. मूळ प्लास्टिकचा ट्रे फेकू नका, तो इंजिनाखालची हवा नीट वळवतो. शॉकअप दमले असतील तर उसळीबरोबर गाडी आणखी खाली जाते, त्यामुळे शॉकअप आणि बुश (सांध्यांतली रबरं) बघणं हा याच कामाचा भाग आहे.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा. टर्बो कूपेला बहुधा ९५ ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटणारं पेट्रोल लागतं, म्हणून शक्य तिथे एक्सपी९५ सारखं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरा. मिळालं नाही तर घाटात वरच्या गिअरवर कमी आरपीएमला इंजिन ओढायला लावू नका. खालचा गिअर घ्या, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा. नेपाळला इंधन इंडियन ऑइलकडूनच जातं, पण डोंगरातल्या पंपावर प्रीमियम मिळेल या भरवशावर राहू नका.

इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला होतो. जुने फ्युएल होज त्यानं फुगतात, मऊ पडतात. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो होज बदलल्याशिवाय गावाबाहेरसुद्धा जाऊ नका.

हजार किलोमीटरची तालीम

सगळी कामं झाल्यावर लगेच निघू नका. नव्या बसवलेल्या भागांना चुका दाखवायला वेळ द्या. मी तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. पहिली पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि दुपारी उन्हात, पूर्ण सामान भरून, एसी लावून परत वर. कुंभार्लीचा चढ कूलिंगचा खरा निकाल देतो. दुसरी मेढ्यावरून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. तिथे ब्रेक आणि बुश बोलायला लागतात. तिसरी पुण्यात संध्याकाळच्या गर्दीत दोन तास. ड्युअल क्लचची गाडी मुंगीच्या पावलानं चालवली की क्लच तापतो. पुढची गाडी चार-पाच मीटर सरकेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम जायचं, ही सवय तिथे लावून घ्या. नेपाळात तिचा उपयोग होतो.

तीनही वेळा मोबाइलला जोडणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघितलं. गाडीच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. कित्येक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तापमान चढलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, बाजूला थांबा, आणि टाकीची कॅप हात लावण्याइतकी गार होईपर्यंत उघडू नका.

डिकीत काय न्यायचं हे या तालमीतून ठरतं. आमच्याकडे फॅनबेल्ट, एक इग्निशन कॉइल, दोन लिटर कूलंट, लिटरभर योग्य ग्रेडचं ऑइल, होज क्लिपा, फ्यूज, एअर फिल्टर, जंप स्टार्टर, केबल टाय आणि टो हुक होता.

ऋतू आणि रस्ता

पावसाळ्यात जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट–मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी काठमांडूकडचे रस्ते पुरानं तोडले. डिसेंबरच्या मध्यानंतर उत्तर प्रदेशात आणि तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यात, धुकं बसतं, आणि बुटक्या गाडीत ट्रकचा मागचा दिवाही उशिरा दिसतो. दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे सगळ्यांत चांगले.

आम्ही पहाटे चारला निघून पुण्याची गर्दी टाळली आणि पहिला मुक्काम संभाजीनगरला केला. दुसऱ्या दिवशी समृद्धीनं नागपूर. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. टायरमधली हवा सकाळी, गार असताना मोजा, आणि दर दीड-दोन तासांनी थांबून चाकाजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर ब्रेक धरतोय किंवा हवा कमी आहे. नागपूर दुपारीच आलं तरी मुक्काम तिथेच केला, कारण काही बिघडलंच तर अशा गाडीला हात लावणारं वर्कशॉप तिथे मिळतं. मग सिवनी, जबलपूरवरून रीवा, चौथ्या दिवशी प्रयागराजवरून गोरखपूर. सीमेवरच्या सोनौलीपर्यंत एकूण सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर.

सोनौली ते बेलहिया

आपल्या बाजूला सोनौली, पलीकडे बेलहिया. सकाळी लवकर पोचा. पलीकडे भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवून गाडीचा तात्पुरता परवाना काढायचा. तोच 'भन्सार'. पैसे दिवसागणिक आणि आगाऊ भरायचे, शिवाय यातायात (वाहतूक) परवाना वेगळा. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स तयार ठेवा, तिथे गावभर फिरावं लागत नाही.

जुन्या गाडीच्या मालकानं इथे एक गोष्ट करावी: ठरवलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त भरावेत. वर्षाला ३० दिवसांची मर्यादा असते, त्यात हे सहज बसतं. गाडी पोखऱ्यात बंद पडली आणि भाग भारतातून मागवावा लागला, तरी परवान्याची मुदत थांबत नाही. मुदत उलटली तर मोठा दंड होतो, आणि गाडी तिथे सोडून येता येत नाही. बिघाड झालाच तर मुदत संपायच्या आत कार्यालयात जाऊन वाढवून घ्या.

कागदावरची तारीख विक्रम संवताची असते. त्यांचे महिने सौर आहेत, म्हणून आपला कार्तिक आणि त्यांचा कार्तिक एका दिवशी सुरू होत नाही. खिडकीतच इंग्रजी तारीख विचारून मागे पेनानं लिहून घ्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते हे लक्षात ठेवा. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. १०० च्या नोटा भरपूर न्या.

नेपाळात चालवताना

बुटवल ते नारायणघाट हे साधारण ११५ किलोमीटर. रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चालू असलेला हा पट्टा बुटक्या गाडीची सगळ्यांत मोठी परीक्षा घेतो. निघायच्या आदल्या दिवशी बुटवलच्या टॅक्सीवाल्यांना आजचा रस्ता कसा आहे ते विचारा. उखडलेल्या जागी आधी बायको उतरून पुढे चालत जायची आणि हातानं वाट दाखवायची. एक माणूस उतरला तरी गाडी बोटभर उचलते. उंचवटा तिरका घ्या, एका वेळी एकच चाक चढू द्या. वेळ लागतो, लागू द्या. धूळ इतकी की परत आल्यावर एअर फिल्टर बदलावाच लागला.

नारायणघाटहून मुग्लिन ३६ किलोमीटर, तिथून उजवीकडे काठमांडू ११० आणि डावीकडे पोखरा ९०. काठमांडूच्या तोंडाशी नागढुंग्याचा चढ आणि ट्रकांची रांग. पुण्यात केलेली क्लचची तालीम इथे कामी येते. ओव्हरटेकला ट्रकच्या ढुंगणाला चिकटू नका, बुटक्या गाडीतून पुढचं काही दिसत नाही. मागे राहिलात तर वळणाच्या आतून रस्ता दिसतो. अंधार पडल्यावर चालवू नका. दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी पोलिसांची 'मापसे' तपासणी असते आणि तिच्यात एका घोटाचीही सवलत नाही. मुस्तांग, जोमसोम या डोंगरातल्या भागात या गाडीनं जाऊ नका. पोखऱ्यात ती हॉटेलच्या आवारात लावा आणि जीप करा.

परतल्यावर

परत येताना बेलहियाला भन्सारचा कागद जमा करून नोंद करून घ्या आणि तिचा फोटो काढा. ही नोंद राहिली तर गाडी कागदोपत्री नेपाळातच राहते आणि पुढच्या वेळी अडवतात.

घरी आल्याच्या आठवड्यात गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या. मिस्त्रींनी ट्रे खोलला तेव्हा मूठभर खडी खाली पडली, दोन क्लिपा गायब होत्या, आणि चेंबर गार्डवर तळहाताएवढी खोक होती. चेंबर कोरडा होता. ऑइल बदललं, अलाइनमेंट केली, नव्या फ्लँजभोवती बोट फिरवून डाग नाही ना ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आरसीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत अर्ज केला.